दोन मीटरांचे अंतर : गॅलापागोसच्या जहाजांचा इतिहास

गॅलापागोस बेटे पॅसिफिक महासागरात, इक्वादोर देशाच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर पश्चिमेला, विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना विखुरलेली आहेत. मोठी बेटे १३, त्यांहून लहान ६ आणि शंभराच्या वर नुसते खडक. सगळी जमीन एकत्र केली तर ती जेमतेम आपल्या रत्नागिरी जिल्ह्याएवढी भरते. ही बेटे कधीच कोणत्या खंडाला जोडलेली नव्हती. समुद्राच्या तळाखाली एका ठिकाणी पृथ्वीच्या पोटातला शिलारस वर येत राहतो आणि त्या जागेवरून नाझ्का नावाचा भूपट्ट पूर्वेकडे सरकत जातो. त्यामुळे पूर्वेकडची एस्पान्योला आणि सान क्रिस्तोबाल ही बेटे म्हातारी, झिजलेली आणि थंडावलेली आहेत, तर पश्चिमेकडची इसाबेला आणि फर्नांदिना अजून धुमसत आहेत. इसाबेला हे सर्वांत मोठे बेट सहा ज्वालामुखी एकमेकांत मिसळून झाले आहे. सह्याद्रीचा काळा कातळही अशाच एका उष्ण जागेशी जोडला जातो. ती आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. दगडाची जात तीच, बेसॉल्टची. फरक वयाचा आहे. सह्याद्रीचा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, तर फर्नांदिनावर २०२४ च्या उद्रेकात वाहिलेला दगड अगदी कालपरवाचा.

अशा उघड्याबोडक्या जमिनीवर जे जीव पोचले ते उडत, पोहत किंवा वाहून आलेल्या झाडाझुडपांवर बसून पोचले. अन्नपाण्याविना काही आठवडे काढू शकणारे सरपटणारे प्राणी या प्रवासातून तगले. सस्तन प्राण्यांना तो झेपला नाही. वटवाघळे आणि काही जातींचे उंदीर सोडले तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी माणसाआधी तिथे आला नव्हता. मांजर, कुत्रा, कोल्हा, वाघ यांपैकी काहीच नाही. जमिनीवरून चालत येणाऱ्या मोठ्या प्राण्यापासून पळायचे असते, हे शिकण्याची वेळच तिथल्या जिवांवर आली नाही. भोवतीचा समुद्र मात्र कमालीचा समृद्ध आहे. दक्षिणेकडून हंबोल्टचा थंड प्रवाह येतो, उत्तरेकडून पनामाकडचा उबदार प्रवाह येतो आणि पश्चिमेकडून क्रॉमवेल नावाचा खोल प्रवाह बेटांच्या पायथ्याला आपटून वर उसळतो. त्याच्याबरोबर तळाची खनिजे वर येतात आणि त्यांवर शेवाळ, मासे, पक्षी अशी सगळी साखळी उभी राहते. विषुववृत्तावर पेंग्विन राहतात ते या गार पाण्याच्या जिवावर.

माणसाच्या लेखी इतिहासात ही बेटे १५३५ मध्ये आली आणि तीही चुकून. पनामाचे बिशप तोमास दे बर्लांगा राजाच्या कामासाठी पेरूला निघाले होते. वाटेत वारा पडला, जहाज प्रवाहाबरोबर वाहत गेले आणि १० मार्चच्या सुमारास ही बेटे दिसली. जहाजावरचे पाणी संपत आले होते. पाणी शोधताना लोकांनी निवडुंगाची पाने पिळून त्यातला रस घशाखाली उतरवला. बर्लांगांनी त्याच वर्षी २६ एप्रिलला स्पेनचे सम्राट पाचवे चार्ल्स यांना पत्र पाठवले. देवाने तिथे दगडांचा पाऊस पाडला असावा, अशा अर्थाचे वर्णन त्यात आहे. प्रचंड कासवे आणि घोरपडीसारखे सरडे यांचा उल्लेख आहे, आणि हाताने धरले तरी पळायचे न कळणाऱ्या पक्ष्यांचाही आहे. पक्ष्यांना त्यांनी खुळे ठरवले. पुढची तीनशे वर्षे जवळजवळ प्रत्येक दर्यावर्दीने हाच शेरा मारला.

‘गालापागो’ हा कासवासाठीचा स्पॅनिश शब्द. १५७० मध्ये फ्लँडर्सच्या ऑर्टेलियसने आपल्या नकाशांच्या पुस्तकात कासवांची बेटे म्हणून ती दाखवली आणि नाव रूढ झाले. स्पॅनिश खलाशी त्यांना ‘एन्कान्तादास’, म्हणजे भारलेली बेटे म्हणत, कारण धुके आणि फसवे प्रवाह यांमुळे बेटेच जागा बदलतात असे त्यांना वाटे. सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्रज चाचे स्पॅनिश जहाजे लुटून इथे लपायला येऊ लागले. त्यांच्यातल्या अँब्रोझ काउलीने १६८४ मध्ये बेटांचा नकाशा काढला आणि विल्यम डॅम्पियरने १६९७ च्या आपल्या प्रवासवर्णनात इथल्या कासवांची आणि इग्वानांची नीट माहिती दिली. तो लुटारू होता, पण त्याची नजर निसर्ग टिपणाऱ्याची होती. बेटांवरच्या प्राण्यांकडे खाण्यापलीकडे लक्ष देणारा तो पहिला म्हणावा लागेल.

खरी उलथापालथ केली ती देवमाशांच्या शिकाऱ्यांनी. इंग्रज कॅप्टन जेम्स कॉलनेट १७९३-९४ मध्ये ‘रॅटलर’ जहाजातून या समुद्राची पाहणी करून गेला आणि त्यामागोमाग आधी इंग्लंडची, मग अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातली गलबते इथे गर्दी करू लागली. दिव्यांसाठी आणि यंत्रांसाठी देवमाशाच्या तेलाला मोठी मागणी होती. ही गलबते दोन-दोन, तीन-तीन वर्षे घरी परतत नसत. खारवलेले मांस आणि किडलेली बिस्किटे खाऊन कंटाळलेल्या खलाशांना गॅलापागोस म्हणजे जिवंत मांसाचे कोठार वाटे. राक्षसी कासव अन्नपाण्याविना अनेक महिने, वर्षभरसुद्धा, जिवंत राहते. जहाजाच्या तळात ती एकावर एक रचून ठेवायची आणि लागेल तशी वर काढायची. न खारवलेले, ताजे मांस मिळे, वर चरबीचे तेल मिळे आणि अडीनडीला कासवाच्या पोटातल्या पिशवीत साठलेले पाणीही पिता येई.

कासव आणण्याच्या कामाला खलाशी वैतागत. मोठे नर बेटाच्या वरच्या, हिरव्या भागात असत. दोनशे किलोंच्या वरही वजन, आणि वाट धारदार लाव्ह्यावरून. म्हणून खलाशी किनाऱ्याजवळची लहान कासवे उचलत आणि पाठीला पट्ट्यांनी बांधून होडीपर्यंत आणत. ही लहान कासवे बहुतेक माद्या होत्या, अंडी घालायला सखल, मऊ मातीच्या भागात उतरलेल्या. एकेक मादी जाताना पुढच्या कित्येक वर्षांची पिल्लेही जात होती, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. १९२५ मध्ये चार्ल्स टाउनसेंड या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने जुन्या जहाजांच्या रोजनिशा धुंडाळल्या. केवळ ७९ जहाजांच्या नोंदींत, १८३१ ते १८६८ या काळात, त्याला सुमारे १३,००० कासवांचा हिशेब सापडला. या धंद्यातली जहाजे शेकड्यांनी होती. म्हणून एकूण आकडा एक ते दोन लाखांच्या घरात असावा असा अंदाज केला जातो. रोजनिशीतल्या या नोंदी लाकूड, पाणी आणि बटाटे यांच्याच ओळीत केलेल्या असत.

याच काळातली एक रीत फ्लोरेआना बेटावर आजही टिकून आहे. किनाऱ्यावर एक पिंप ठेवलेले होते. बाहेर चाललेले जहाज त्यात पत्रे टाकी आणि घरी परतणारे जहाज आपल्या गावाकडची पत्रे उचलून नेई. १८१३ मध्ये अमेरिकन युद्धनौका ‘एसेक्स’चा कप्तान डेव्हिड पोर्टर इथे आला. पिंपातली पत्रे वाचून ब्रिटिश गलबतांचा ठावठिकाणा त्याने काढला आणि त्यातली कित्येक पकडली. त्याच नावाचे, पण देवमाशांच्या शिकारीचे दुसरे एक गलबत १८२० मध्ये फ्लोरेआनाला आले होते. कासवे गोळा करायला उतरलेल्या एका खलाशाने गंमत म्हणून झुडपांना आग लावली. कोरडा हंगाम होता. बेट जळत गेले. काही आठवड्यांनी दूर समुद्रात त्या जहाजाला देवमाशाने धडक देऊन बुडवले. हर्मन मेलव्हिलच्या ‘मोबी डिक’मागे याच घटनेची प्रेरणा आहे. साहित्याच्या इतिहासाने जहाजाची शोकांतिका लक्षात ठेवली. फ्लोरेआनाची स्वतःची कासवाची जात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या बेटावरून नाहीशी झाली, ती हकिकत मात्र फार थोड्यांना माहीत असते. कातड्यासाठी फर सीलचीही अशीच बेसुमार कत्तल झाली. त्या शिकारीला आलेल्या बेंजामिन मॉरेलने फेब्रुवारी १८२५ मध्ये आपल्या ‘टार्टर’ जहाजावरून फर्नांदिनाचा मोठा उद्रेक पाहिला. समुद्र इतका तापला की फळ्यांच्या सांध्यांतले डांबर वितळू लागले, असे त्याने लिहून ठेवले आहे.

१२ फेब्रुवारी १८३२ रोजी नव्याने जन्मलेल्या इक्वादोरने बेटे आपल्या ताब्यात घेतली आणि फ्लोरेआनावर वसाहत बसवली. तीन वर्षांनी, १५ सप्टेंबर १८३५ रोजी, ब्रिटिश आरमाराचे सर्वेक्षण जहाज ‘बीगल’ आले. कप्तान फिट्झरॉय किनाऱ्यांची मापे घेत होता. सव्वीस वर्षांचा चार्ल्स डार्विन त्याच्याबरोबर होता. पाच आठवड्यांच्या मुक्कामात डार्विन सान क्रिस्तोबाल, फ्लोरेआना, इसाबेला आणि सान्तियागो या चार बेटांवर उतरला. त्याचे पाहणे आजच्या कुठल्याही नियमात बसले नसते. तो कासवाच्या पाठीवर बसला. बंदुकीच्या नळीने त्याने फांदीवरचा ससाणा ढकलून पाहिला. एका समुद्री इग्वानाला तो पुन्हा पुन्हा पाण्यात फेकत राहिला आणि दर वेळी तो प्राणी पोहत त्याच्याच पायाशी परत आला. या प्राण्याला जमिनीवर शत्रू नाही, समुद्रात मात्र शार्क आहेत, म्हणून तो जमिनीकडेच धावतो, असा तर्क त्याने यावरून बांधला. छळ वाटावा असा तो प्रयोग होता, पण प्रश्न योग्य होता. बर्लांगांनी ज्याला खुळेपणा म्हटले त्याचे कारण डार्विनने शोधायला घेतले.

फ्लोरेआनाचा उपगव्हर्नर निकोलस लॉसन डार्विनला म्हणाला होता की कासवाची पाठ पाहून ते कोणत्या बेटावरचे आहे हे मी सांगू शकतो. डार्विनने त्या वेळी ते फारसे मनावर घेतले नाही. ‘बीगल’वर चढवलेली कासवे परतीच्या वाटेवर खाऊन संपली आणि त्यांच्या पाठी समुद्रात गेल्या. फिंच पक्ष्यांचे नमुनेही बेटवार वेगळे ठेवलेले नव्हते. त्याचे लक्ष आधी वेधले ते मॉकिंगबर्ड पक्ष्यांनी, कारण बेटाबेटागणिक त्यांच्यात फरक दिसत होता. लंडनमध्ये जानेवारी १८३७ मध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डने दाखवून दिले की निरनिराळ्या चोचींचे ते पक्षी एकाच गटातले फिंच आहेत. मग फिट्झरॉय आणि इतरांनी नीट चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या नमुन्यांचा आधार घेऊन बेटांचा हिशेब जुळवावा लागला. १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पायात हे पाच आठवडे आहेत. खाऊन टाकलेल्या कासवांमुळे पुराव्याचा एक भाग कायमचा हरवला, हेही तितकेच खरे.

पुढच्या शतकात जहाजे आली ती नमुने गोळा करायला. वसाहतीबरोबर आलेल्या शेळ्या, डुकरे, गाढवे, मांजरे आणि उंदीर यांनी तोवर बेटे पोखरायला सुरुवात केली होती. कासवे आता जगत नाहीत, तेव्हा संपण्याआधी ती संग्रहालयात तरी यावीत, असा विचार त्या काळचे अभ्यासू लोकही करत. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसची मोहीम रोलो बेकच्या नेतृत्वाखाली १९०५-०६ मध्ये ‘अकॅडमी’ नावाच्या शिडाच्या जहाजातून आली आणि वर्षभर बेटांवर फिरून हजारो प्राणी, पक्षी आणि वनस्पती घेऊन गेली. मोहीम बेटांवर असतानाच, एप्रिल १९०६ च्या भूकंपात आणि आगीत, सान फ्रान्सिस्कोतली संस्थेची इमारत जळाली. नवे संग्रहालय या सामानावर उभे राहिले. फर्नांदिनावर त्यांना एकच कासव मिळाले. पुढची ११३ वर्षे त्या जातीचे दुसरे कासव कुणाला दिसले नाही. २०१९ मध्ये एक मादी सापडली आणि ती त्याच जातीची असल्याचे २०२२ मध्ये जनुकांवरून सिद्ध झाले.

१९२३ मध्ये विल्यम बीब हा निसर्गशास्त्रज्ञ ‘नोमा’ या नौकेतून आला आणि त्याचे ‘गॅलापागोस : वर्ल्ड्स एंड’ हे पुस्तक खूप खपले. त्याने धनिकांच्या नौकांना वाट दाखवली. त्यांपैकी अॅलन हँकॉकच्या मोहिमेने १९३२-३३ मध्ये एक काम केले ज्याचे महत्त्व तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. बाल्त्रा बेटावरचे जमिनीवरचे इग्वाना फार रोडावलेले दिसले, म्हणून त्यांतले सत्तरेक उचलून शेजारच्या नॉर्थ सेमूर बेटावर सोडले. दुसऱ्या महायुद्धात पनामा कालव्याच्या रक्षणासाठी अमेरिकेने बाल्त्रावर विमानतळ बांधला आणि युद्धानंतर काही वर्षांतच त्या बेटावरचे इग्वाना संपले. सेमूरवर मात्र त्यांचा वंश टिकला आणि १९९१ पासून त्यांची पिल्ले बाल्त्रावर परत सोडण्यात आली. आज बाहेरचा पाहुणा विमानाने येतो तो बहुधा याच बाल्त्राच्या धावपट्टीवर उतरतो आणि रस्ता ओलांडणाऱ्या इग्वानासाठी बस थांबते.

डार्विनच्या ग्रंथाला शंभर वर्षे झाली त्या १९५९ मध्ये, ४ जुलैला, इक्वादोरने वस्ती व शेती सोडून उरलेली सुमारे ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केली. त्याच महिन्यात चार्ल्स डार्विन फाउंडेशन स्थापन झाले आणि १९६४ मध्ये सान्ता क्रूझ बेटावर पुएर्तो आयोरा इथे त्याचे संशोधन केंद्र सुरू झाले. कागदावरचे उद्यान चालवायला पैसा हवा होता आणि तो पर्यटनातून येईल हे उघड होते. प्रश्न होता लोकांना ठेवायचे कुठे. बेटांवर गोडे पाणी जेमतेम, हॉटेले बांधली तर रस्ते, विहिरी, कचरा आणि उंदीर मागोमाग येणार. म्हणून असे ठरत गेले की पाहुण्याने जहाजावर झोपावे, जहाजावर जेवावे आणि बेटावर फक्त पाहण्यापुरते उतरावे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडिश-अमेरिकन व्यावसायिकाने पाहुण्यांच्या गटांना जहाजाने इथे आणले आणि १९६९ मध्ये ‘लीना ए’ हे जहाज नियमित फेऱ्या करू लागले. कासवांसाठी तळ रिकामा ठेवणाऱ्या जहाजांच्या जागी आता खोल्यांची जहाजे आली.

या पद्धतीला शिस्त आली ती १९७४ च्या पहिल्या सविस्तर आराखड्याने आणि १९७५ पासून सुरू झालेल्या निसर्ग-मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणाने. पाहण्याच्या जागा ठरवून दिल्या गेल्या आणि प्रत्येक जागी काळ्या-पांढऱ्या खुंट्यांनी आखलेली पायवाट आली. परवाना असलेल्या मार्गदर्शकाशिवाय उतरायचे नाही आणि एका मार्गदर्शकामागे १६ पेक्षा जास्त पाहुणे नकोत. येणे-जाणे सूर्योदय ते सूर्यास्त, म्हणजे विषुववृत्तावर बारमाही सहा ते सहा. प्राण्यापासून दोन मीटर अंतर. हात लावायचा नाही, खायला द्यायचे नाही, शिंपला किंवा दगडही उचलायचा नाही, कॅमेऱ्याचा झोत टाकायचा नाही. यातला दोन मीटरांचा नियम सगळ्यांत विलक्षण वाटतो. जगातल्या बहुतेक अरण्यांत प्राणी पळतो आणि अंतर तोच ठरवतो. इथे प्राणी पळत नाही, म्हणून अंतर राखण्याचे काम माणसाकडे आले.

या व्यवस्थेत एक दिवस कसा जातो ते पश्चिमेकडच्या फर्नांदिना आणि इसाबेला बेटांवर चांगले दिसते. जहाज रात्री चालते आणि पहाटे नांगर टाकते. एका बेटावरचे बी किंवा कीटक दुसऱ्या बेटावर जाऊ नयेत म्हणून बुटांचे तळ धुतले जातात. फर्नांदिनाबाबत तर ही काळजी अधिकच, कारण बाहेरून आलेला सस्तन प्राणी ज्या मोठ्या बेटावर बस्तान बसवू शकलेला नाही असे ते आहे. ‘पांगा’ म्हणतात त्या छोट्या होडीतून पाहुणे पुन्ता एस्पिनोसा या टोकाला, तिवरांच्या कडेने, खडकावर पाय टाकतात. पहिल्यांदा तिथे काही दिसतच नाही. मग काळ्या लाव्ह्याचा ढीग हलतो आणि लक्षात येते की ते शेकडो समुद्री इग्वाना आहेत, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून, सगळे तोंड सूर्याकडे करून पडलेले. थंड पाण्यात शेवाळ चरायला उतरण्याआधी त्यांना रक्त तापवावे लागते. अधूनमधून एखादा नाकातून फुस्सकन खारट फवारा सोडतो. शेवाळाबरोबर पोटात गेलेले जादा मीठ नाकाजवळच्या ग्रंथी असे बाहेर टाकतात आणि ते डोक्यावर पडून वाळते, म्हणून प्रत्येकाच्या कपाळावर पांढरी खपली दिसते. त्यांच्या पाठीवरून लालभडक खेकडे आणि लाव्ह्याच्या रंगाचे सरडे बिनदिक्कत ये-जा करतात.

टोकाच्या खडकावर न उडणारा पाणकावळा असतो. जगात फक्त फर्नांदिना आणि इसाबेलाच्या किनाऱ्यांवर तो आढळतो. पाण्यातून वर आला की तो आपल्या भाईबंदांसारखे पंख पसरून वाळवत उभा राहतो, पण ते पंख म्हणजे पिसांचे विरळ खुंट. पळायला शत्रू नाही आणि मासे तळाशी भरपूर, मग उडण्यावर ताकद घालवण्यात अर्थ उरला नाही. पाय मात्र दणकट झाले. नर समुद्रातून परतताना चोचीत शेवाळाचा झुबका आणतो आणि घरट्यावर बसलेल्या मादीपुढे ठेवतो; ती तो घेऊन घरट्याच्या कडेला खोचते. मार्गदर्शक अशा वेळी बोलणे थांबवतो आणि कुणी पुढे सरकले तर हाताने मागे घेतो. पायवाटेवरच समुद्रसिंहाची मादी पिल्लाला पाजत पडलेली असली तर तिला उठवायचे नाही. सगळ्यांनी वळसा घालायचा.

दुपारी त्याच किनाऱ्यालगत पाण्यात तोंड घालून पाहिले तर सकाळचे सुस्त इग्वाना तळाच्या खडकांना नखांनी धरून शेवाळ ओरबाडताना दिसतात आणि बाजूने हिरवी समुद्री कासवे जातात. मग जहाज बोलिव्हार खाडी ओलांडून इसाबेलाच्या तागुस कोव्हला येते. मधल्या खोल पाण्यात कधी देवमाशाचा फवारा दिसतो. ज्याच्यासाठी शिकारी इथे येत, त्यालाच पाहायला आता जहाजाचा कठडा भरून जातो. तागुस कोव्हच्या कड्यांवर जुन्या जहाजांची नावे रंगवलेली व कोरलेली आहेत. वाचता येणाऱ्यांत सर्वांत जुने १८३६ चे. आजच्या पाहुण्याला तिथे रेघही ओढता येत नाही, मात्र जुनी नावे इतिहास म्हणून राखली आहेत. वर चढून गेले की एका विवरात खाऱ्या पाण्याचे, डार्विनच्या नावाचे तळे दिसते. संध्याकाळी सहाच्या आत होड्या परततात. जेवणाआधी मार्गदर्शक दिवसभरात दिसलेल्या जिवांचा आढावा घेतो आणि उद्याचे बेट नकाशावर दाखवतो.

या व्यवस्थेला ओझे झेपले का, याचे उत्तर सरळ नाही. १९७८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पहिल्या क्रमांकाची नोंद गॅलापागोसची झाली आणि नाव जगभर गेले. १९७४ च्या आराखड्यात वर्षाला १२,००० पाहुण्यांची मर्यादा धरली होती. १९८१ मध्ये ती २५,००० झाली आणि तीही मागे पडली. २०१९ मध्ये २,७१,००० लोक आले, २०२३ मध्ये ३,२९,०००. पर्यटनाच्या पैशामागे मुख्य भूमीवरून माणसे राहायला आली, समुद्रकाकडीच्या मासेमारीवरून कोळी आणि उद्यान यांच्यात तीव्र तंटे झाले. १९९८ च्या विशेष कायद्याने स्थलांतरावर बंधने आणली आणि बेटांभोवतीचे ४० सागरी मैल पाणी राखीव केले. १६ जानेवारी २००१ रोजी ‘जेसिका’ हे तेलवाहू जहाज सान क्रिस्तोबालजवळ खडकावर चढले. वाऱ्याने तेल बाहेर खुल्या समुद्राकडे ढकलले, तत्काळ मेलेले प्राणी थोडेच होते आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण पुढच्या वर्षभरात सान्ता फे बेटावरचे ६२ टक्के समुद्री इग्वाना मेले. शेवाळ पचवणारे त्यांच्या आतड्यातले जिवाणू उरल्यासुरल्या तेलाने मारले असावेत, असे संशोधकांनी मांडले. सांडलेल्या तेलाचा एक भाग एका पर्यटन जहाजासाठी चालला होता, ही गोष्ट या इतिहासात विसरता कामा नये.

२००७ ते २०१० या काळात युनेस्कोने बेटांना धोक्यातल्या वारशांच्या यादीत ठेवले होते. २०१२ पासून एकाच जहाजाने चौदा दिवसांच्या आत त्याच जागी परत जाऊ नये असा नियम आला, म्हणजे गर्दी साऱ्या बेटांवर विभागली जाते. जहाजाला जास्तीत जास्त १०० प्रवाशांची मर्यादा आहे आणि बरीच जहाजे फक्त १६ जणांची असतात. १ ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक परदेशी प्रौढ पाहुण्यांचे प्रवेशशुल्क १०० डॉलरवरून २०० डॉलर झाले. मात्र वाढ आता जहाजांची नाही. हॉटेलात उतरून दिवसाच्या होड्यांनी फिरणारे पाहुणे जहाजावरच्यांपेक्षा पुष्कळ जास्त झाले आहेत आणि जहाजे ज्यासाठी निवडली होती तो पाणी, कचरा आणि वस्तीचा प्रश्न गावांत पुन्हा उभा राहिला आहे.

पर्यटनाच्या याच वर्षांत कासवांची उलटी वाहतूकही, म्हणजे त्यांना बेटांवर परत नेणे, चालू होती. पिन्ता बेटावरच्या जातीसाठी फार उशीर झाला होता. १९७१ मध्ये सापडलेला एकमेव नर, ‘लोन्सम जॉर्ज’, २४ जून २०१२ रोजी जोडीदाराविना गेला. एस्पान्योलाचे दैव बरे होते. शिकारी आणि शेळ्या यांच्यातून तिथे फक्त १४ कासवे उरली होती, १२ माद्या आणि २ नर. इतक्या विरळ की एकमेकांना भेटतही नव्हती. १९६३ ते १९७४ या काळात ती एकेक करून सान्ता क्रूझच्या केंद्रात आणली गेली. तिसरा नर अमेरिकेतल्या सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात निघाला, कित्येक दशकांपूर्वी बेटावरून नेलेला. १९७७ मध्ये तो परत आला आणि त्याचे नाव दिएगो पडले. या पंधरांच्या सुमारे २,००० पिल्लांना थोडे मोठे करून एस्पान्योलावर सोडले गेले. शेळ्या हटवल्या, फड्या निवडुंग पुन्हा लावले. १५ जून २०२० रोजी पंधराही म्हातारी कासवे जहाजाने एस्पान्योलाला नेण्यात आली. किनाऱ्यावरून आत वाट नव्हती. उद्यानाच्या रक्षकांनी एकेका कासवाला पाठीवर बांधले आणि सुमारे अडीच किलोमीटर चालत निवडुंगांच्या रानात नेऊन खाली ठेवले.